टेबल एकच, नियम वेगळे

मी शिकवते त्या संवादकौशल्यांच्या पेपरात 'आंतरसांस्कृतिक क्षमता' नावाचं एक प्रकरण आहे. परीक्षेत त्यावर जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर मुलं पुस्तक न उघडताही लिहू शकतात: इतर संस्कृतींचा आदर करावा, पूर्वग्रह टाळावेत, मोकळ्या मनाने ऐकावं. पूर्ण गुण. आणि हेच उत्तर लिहून बाहेर पडलेली मुलं व्हरांड्यात वर्गातल्या नव्या मुलाच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल करत असतात. ती ढोंगी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. आदर करावा हे त्यांना मनापासून पटलेलं असतं. फक्त नक्कल करताना आपण अनादर करतोय हे त्यांच्या डोक्यातही येत नाही.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये या क्षमतेचे पाच भाग मांडले. वृत्ती, ज्ञान, अर्थ लावून ताडून पाहण्याचं कौशल्य, प्रत्यक्ष संवादात नवं काही शोधून काढण्याचं कौशल्य आणि आपल्याच मूल्यांकडे चिकित्सकपणे पाहण्याची जाणीव. आमची लेखी परीक्षा या पाचांतल्या फक्त एकाला, ज्ञानाला, हात लावते. बाकीच्या चारांसाठी मुलांनी काहीतरी करायला हवं, एखाद्या प्रसंगात सापडायला हवं, आणि तिथे ती कशी वागली हे नंतर निवांतपणे बघता यायला हवं. डिजिटल खेळांकडे मी वळले ती एवढ्याचसाठी. खेळात माणूस विचार करण्याआधी निर्णय घेतो, आणि संगणकावर त्या निर्णयाची नोंद मागे राहते. विभागात थोडी कुजबुज झाली. 'आता तासाला गेम खेळायचे' असं कोणीतरी म्हणालंही. तशी शंका येणं स्वाभाविक आहे, म्हणून मी सगळी आखणी लेखी देऊन टाकली आणि पुढच्या कामाला लागले.

सुरुवात केली ती मुळात डिजिटल नसलेल्या खेळाने. शिवशैलम त्यागराजन यांनी लायबेरियात काम करताना १९८० मध्ये 'बार्न्गा' हा पत्त्यांचा खेळ तयार केला. प्रशिक्षणाच्या जगात तो अजूनही खेळवला जातो. चार-चारजणांची टेबलं, प्रत्येक टेबलावर नियमांचा एक कागद. सगळ्यांना वाटतं कागद सारखेच आहेत, पण एका टेबलावर एक्का सर्वांत मोठा, दुसऱ्यावर सर्वांत लहान. कुठे इस्पिक हुकूम, कुठे बदाम, कुठे हुकूमच नाही. थोडे डाव झाले की कागद काढून घ्यायचे आणि बोलणं पूर्ण बंद. मग जास्त हात करणारा पुढच्या टेबलावर जातो, सर्वांत कमी हात करणारा मागच्या.

मी हे पत्त्यांच्या एका ऑनलाइन टेबलावर मांडलं. माइक बंद, चॅट बंद, मुलं लॅबमध्ये लांब लांब बसलेली. खऱ्या टेबलावर हा खेळ मी पूर्वी पाहिला होता. तिथे चेहरे असतात, भुवया उंचावतात, कोणी हसून सोडून देतं. इथे स्क्रीनवर फक्त प्रत्येकाच्या नावाचा छोटा बाण दिसतो. चौघांनी पान टाकलं की दोन बाण एकदम त्या हाताकडे धावायचे. एक ओढतोय, दुसरा परत ओढतोय. एका मुलीने आपला बाण एक्क्याभोवती गरागरा फिरवायला सुरुवात केली, म्हणजे 'हा बघ, हा मोठा आहे'. समोरच्याने आपला बाण दुरीवर नेऊन तसाच फिरवला. लॅबमध्ये चिडीचूप, स्क्रीनवर मात्र भांडण पेटलेलं.

खेळानंतर जे बोलणं झालं त्यात एक गोष्ट अशी निघाली, जिची मी कल्पना केली नव्हती. ज्यांना टेबल बदलावं लागलं त्यांना लगेच कळलं की काहीतरी बिनसलंय. काहींना वाटलं समोरचे फसवतायत. काहींना वाटलं आपणच कागद नीट वाचला नसेल, आणि त्यांनी मुकाट्याने हात सोडून दिले. पण जे पहिल्यापासून एकाच टेबलावर बसून राहिले, त्यांना जवळजवळ काहीच जाणवलं नव्हतं. "छान झाला खेळ," त्यांच्यातला एक म्हणाला, "तो एक नवीन आलेला सोडला तर." तो नवीन आलेला दोन बाकं सोडून बसला होता.

"अरे, मी तीन हात सोडले तुमच्यासाठी," तो म्हणाला.

"सोडलेस? आम्हाला वाटलं तू हरतोयस."

हा संवाद मी फळ्यावर लिहून ठेवला आणि सत्र संपेपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळत राहिले. संख्येने जास्त असलेल्यांना आपले नियम हे नियम वाटतच नाहीत, सरळ पत्ते खेळणं वाटतं. हे व्याख्यानात सांगितलं असतं तर मुलांनी मान डोलवून वहीत उतरवून घेतलं असतं.

खेळानंतरच्या चर्चेसाठी त्यागराजन यांनीच सुचवलेल्या सहा प्रश्नांचा क्रम मी घेतला: कसं वाटलं, काय घडलं, काय शिकलात, बाहेरच्या जगात असं कुठे दिसतं, अमुक वेगळं असतं तर काय झालं असतं, आणि आता पुढे काय. भावनेचा प्रश्न पहिला का, हे तेव्हा कळलं. मुलं चिडलेली असतात. ती चीड आधी बाहेर आली नाही तर 'काय घडलं' याचं उत्तर म्हणजे नुसती वकिली होते. चर्चेला मी खेळाइतकाच वेळ ठेवला होता, तोही पुरला नाही. पुढे प्रत्येक वेळी चर्चेला खेळाहून जास्त वेळ दिला.

दुसरा खेळ 'नेव्हर अलोन'. अलास्कातल्या इनुपियाट समाजाच्या मौखिक कथेवर बेतलेला, २०१४ सालचा. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेच्या पुढाकारातून तो तयार झाला. नुना ही मुलगी आणि तिच्यासोबतचा आर्क्टिक कोल्हा संपत नाही अशा हिमवादळाचं कारण शोधायला निघतात. कथा सांगणारा आवाज त्या समाजाच्या इनुपियाक भाषेतला, खाली उपशीर्षकं. अधूनमधून एखादं घुबड सापडलं की त्या समाजातल्या माणसांच्या मुलाखतींची छोटी चित्रफीत उघडते. अशा २४ फिती आहेत. दोघांनी मिळून खेळता येतो, एक नुना, एक कोल्हा, आणि दोघांपैकी एक गेला की डाव तिथूनच पुन्हा.

मुलांना खेळ आवडला. अर्ध्याहून जास्त जोड्यांनी फिती पाहिल्याच नाहीत, कारण फिती पाहून पुढची उडी सोपी होत नाही. आणि मग त्यांच्या लेखनात काय उतरलं, तर 'थंड प्रदेशातले साधे, निसर्गाच्या जवळ राहणारे लोक'. हे वाक्य ती खेळायच्या आधीही लिहू शकली असती. मी पुढच्या तासाला खेळ बंद ठेवून फक्त त्याच्या जन्माची हकीकत सांगितली. ती कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथाकाराच्या तोंडून नोंदली गेली होती. खेळ करणाऱ्यांनी त्याच्या वयोवृद्ध मुलीला, मिनी ग्रे यांना, शोधून काढून त्यांच्याशी बोलून मगच पुढे पाऊल टाकलं. मूळ कथेतला नायक मुलगा आहे. खेळात मुलगी आली.

"म्हणजे गोष्ट कोणाचीतरी असते?" एका मुलाने विचारलं. लोककथा म्हणजे बेवारस माल, ज्याला हवी त्याने उचलावी, असं त्याने तोवर गृहीत धरलं होतं. त्यावर चांगली वादावादी झाली. एकीचं म्हणणं होतं, परवानगी घेतली तरी नायक बदलायला नको होता. दुसरी म्हणाली, ज्यांची गोष्ट त्यांना चालतंय तर आपण कोण ठरवणारे? आता त्यांनी फितींकडे परत जाऊन उत्तर शोधलं, कोणीही सांगितलं नसताना. त्यानंतर मी 'फिती सक्तीच्या' वगैरे नियम केला नाही. आधी प्रश्न पेटवायचा आणि मग खेळाकडे पाठवायचं, हा क्रम मात्र ठेवला.

घरी फोनवर खेळायला 'बरी मी, माय लव्ह' दिला होता. २०१७ सालचा. नूर ही सीरियातून युरोपकडे निघालेली स्त्री आणि मागे राहिलेला तिचा नवरा माज्द. आपण माज्द व्हायचं आणि तिच्या संदेशांना उत्तरं द्यायची, बस. आपल्या सल्ल्यावरून तिचा प्रवास वळतो. १९ वेगवेगळे शेवट आहेत. मुलं हलून गेली होती. रात्री उशिरापर्यंत जागून खेळल्याचं काहींनी सांगितलं, एकीला रडू आवरेना.

आणि तरीही पुढच्या सत्रात हा खेळ ठेवावा की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. खेळाचा दर्जा उत्तम आहे, प्रश्न माझ्या उद्देशाचा आहे. त्या आठवड्यातल्या सगळ्या वह्यांमध्ये 'बिचारी' हा सूर होता. नूर डॉक्टर आहे, थट्टेखोर आहे, नवऱ्याला उलट बोलते, त्याचं न ऐकता स्वतःच्या मनाने निर्णय घेते. वहीत यातलं काही उतरलं नाही. निर्वासित म्हणून तिची कीव तेवढी उतरली. कीव करणाऱ्या मुलाला समोरच्याला काही विचारावंसं वाटत नाही, कारण त्याला सगळं कळलेलं असतं. सहानुभूती जागवणारे खेळ म्हणजे आंतरसांस्कृतिक शिक्षण, असं समीकरण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते फार ढोबळ वाटतं.

याच्या अगदी उलट परिणाम झाला 'पेपर्स, प्लीज'चा. लुकास पोप यांचा हा २०१३ मधला खेळ. अर्स्तोत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, आणि आपण सीमेवरच्या खिडकीत बसलेला तपासणी कारकून. माणूस येतो, कागद सरकवतो, आपण तारखा, छायाचित्र, शिक्के ताडून बघतो आणि परवानगीचा किंवा नकाराचा शिक्का मारतो. पगार तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. दिवसात दोन चुका झाल्या तर ताकीद, पुढच्या प्रत्येक चुकीला दंड. दिवस संपला की घरभाडं, अन्न, शेगडी, औषध यांचा हिशेब. (वर्गात लावायचा असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन तपासणीतली नग्नता बंद करून ठेवा. तो पर्याय खेळातच आहे.)

यात कोणाचीही संस्कृती दाखवलेली नाही. देशांची नावंसुद्धा खोटी. पण खेळात कोलेचिया या शेजारच्या देशाशी संबंधित हल्ला होतो आणि मग तिथून येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायचा हुकूम निघतो. मी मुलांना आधीच सांगितलं होतं, की ज्याला ज्याला परत पाठवाल त्याचं कारण एका ओळीत लिहा. पहिल्या दिवसांच्या नोंदी अशा: 'पासपोर्टची मुदत संपलेली', 'नाव जुळत नाही'. हल्ल्यानंतरच्या नोंदींमध्ये 'कोलेचियाचा, घाई करत होता', 'कोलेचियाची, कागद बरोबर पण काहीतरी लपवत होती' अशी वाक्यं यायला लागली. तो हुकूम झडतीचा होता. संशयाचा नव्हता. संशय मुलांनी स्वतःच्या खिशातून घातला, तोही अस्तित्वात नसलेल्या देशातल्या माणसांबद्दल.

चर्चेत मी या नोंदी नावं काढून पडद्यावर टाकल्या. कोणी काही बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण रांग केवढी होती! प्रत्येकाशी बोलत बसलो असतो तर घरचे गारठून मेले असते."

"मग?"

"मग काय, देश बघितला की पटकन ठरवता येतं."

बायरम यांच्या यादीतला पाचवा भाग, स्वतःच्या मापांकडे बघणं, तो इथे सापडला. वर्गीकरण हे दुष्टपणातून येतं अशी मुलांची समजूत होती. ते घाईतून येतं, थकव्यातून येतं, वर बसलेल्याने लावलेल्या दंडातून येतं, हे त्यांना त्या खिडकीत बसून कळलं. नवऱ्याचे कागद ठीक आणि मागून येणाऱ्या बायकोचे अपुरे, असा एक प्रसंग खेळात येतो. तिथे ज्यांनी तिला आत सोडलं आणि ज्यांनी परत पाठवलं, त्यांचं भांडण तास संपल्यावर जिन्यातही चालू होतं. मी त्यात पडले नाही.

'सिव्हिलायझेशन' या संगणकीय खेळांच्या मालिकेवर एकच तास दिला, तोही न खेळता. सहाव्या भागाच्या विस्तारात क्री या मूळ रहिवासी समाजाचे एकोणिसाव्या शतकातले नेते पाउंडमेकर यांना खेळता येणारा नेता म्हणून घेतलं गेलं, तेव्हा २०१८ मध्ये कॅनडातल्या पाउंडमेकर क्री नेशनकडून आक्षेप आला. त्यांचा मुद्दा मोठा सूक्ष्म होता. नेत्याचं चित्रण वाईट केलंय असं त्यांचं म्हणणं नव्हतं. जमीन काबीज करणं, इतरांवर वर्चस्व मिळवणं हेच ज्या खेळाचं उद्दिष्ट, त्यात त्यांना बसवलं की आमचीही मूल्यं वसाहतवाद्यांसारखीच होती असा समज पसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांचा पहिला प्रतिसाद, "पण निदान घेतलं तरी!" नंतर त्यांनी यादी केली: या खेळात जिंकता येत नाही अशा पद्धतीने जगणारे समाज कोणते असू शकतात? वेशभूषा, संगीत, वास्तू कितीही अचूक असोत, खेळाचे नियम गुपचूप काय म्हणतात हे बघायची सवय त्यांना इथे लागली. आता ती सवय त्यांच्या आवडीच्या प्रत्येक खेळावर चालवतात आणि मित्रांना हैराण करतात.

सत्राचा खरा ऐवज मात्र शेवटच्या टप्प्यात होता. दुसऱ्या देशातल्या एका महाविद्यालयातल्या शिक्षिकेशी माझी जुनी ओळख आहे. तिच्या विद्यार्थ्यांना आणि माझ्यांना आम्ही मिश्र गटांत 'माइनक्राफ्ट' या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाच्या शैक्षणिक आवृत्तीत एकत्र सोडलं. काम एकच: मिळून एक सार्वजनिक वाचनालय बांधा. आराखडा दिला नाही, नेता नेमला नाही. बोलणं लिखित चॅटमधून, इंग्रजीत, जी दोन्हीकडची मातृभाषा नव्हती. तयारीला मात्र कल्पनेबाहेर वेळ गेला. दोन संस्थांची खाती वेगळी असल्यामुळे एकमेकांच्या जगात शिरायला दोन्हीकडच्या संगणक विभागांची संमती लागते. वेळापत्रकांचा मेळ, सुट्ट्यांचा मेळ, लेखी हमीपत्रं. ज्याला हे करायचं असेल त्याने सत्र सुरू व्हायच्या बरंच आधी अर्ज द्यावा, एवढं सांगून हा भाग सोडून देते.

एका गटात असं घडलं. तिकडच्या मुलांनी वाचनालयाची एक भिंत उभी केली. ती आमच्या मुलांना वाकडी वाटली. त्यांनी ती पाडून सरळ बांधून दिली, चांगल्या मनाने, आणि चॅटमध्ये हसरा चेहरा टाकला. तिकडून काही उत्तर आलं नाही. पुढच्या बैठकीत तिकडची मुलं तळ्याच्या पलीकडे जाऊन वेगळंच काहीतरी बांधू लागली. आमच्या गटाच्या वहीत निकाल तयार: 'त्यांना रस नाही. राग आला असेल तर सरळ सांगायला काय झालं?'

इथे मी आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणातली एक जुनी रीत वापरली. पानाचे तीन रकाने करायचे: वर्णन, अर्थ, मूल्यमापन. पहिल्यात फक्त कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या मुलांनी पहिल्या रकान्यात लिहिलं, 'ते रागावून दुसरीकडे गेले'. 'रागावून' कॅमेऱ्याला दिसतं का? खोडलं. 'ते आम्हाला टाळून दुसरीकडे गेले'. 'टाळून'? खोडलं. खोडता खोडता उरलं ते असं: 'आम्ही त्यांनी बांधलेली भिंत पाडली आणि पुन्हा बांधली. त्यांनी चॅटमध्ये काही लिहिलं नाही. पुढच्या वेळी ते तळ्याच्या पलीकडे बांधत होते.' स्वतःचं पहिलं वाक्य 'आम्ही पाडली' असं समोर आल्यावर गटातली एक मुलगी म्हणाली, "अगं, हे तर आपणच सुरू केलंय." मग दुसऱ्या रकान्यात एकाच घटनेचे निदान तीन वेगळे अर्थ लिहायचे आणि त्यांतला कोणता खरा, हे विचारायचं. विचारायचं कसं, यावरच अर्धा तास गेला. 'तुम्ही रागावलात का' असं विचारलं तर समोरचा नाहीच म्हणणार. शेवटी त्यांनी लिहिलं: 'भिंतीचं काम आम्ही हातात घेतलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं, आणि आता काम कसं वाटून घ्यावं असं वाटतं?'

उत्तर आलं ते तीनही अंदाजांच्या बाहेरचं. तिकडच्यांना राग वगैरे आला नव्हता. आपलं काम न विचारता दुरुस्त केलं जातंय म्हणजे हे लोक अनुभवी आहेत, मुख्य इमारत त्यांच्याकडे आहे, आपण दुसरं काहीतरी उपयोगाचं करावं, असा अर्थ त्यांनी लावला होता. तळ्यापलीकडे ते वाचनालयाकडे येणारा पूल बांधत होते. आणि त्यांच्या वहीत आमच्याबद्दल एक तक्रार होती, जी आम्हाला माहीतच नव्हती: 'आम्ही वाक्य जुळवेपर्यंत ते तीन विषय बदलतात.' आमची मुलं इंग्रजी भराभर टाइप करतात. त्या वेगाने निर्णय आपोआप त्यांच्याकडे येत होते, आणि समोरच्यांचं गप्प राहणं त्यांना निरुत्साह वाटत होतं. पुढच्या बैठकीपासून त्या गटाने ठरवलं की प्रश्न लिहिला की दोन मिनिटं कोणीच काही लिहायचं नाही. ती दोन मिनिटं आमच्या मुलांना फार जड गेली.

पण या यशाने एक नवीनच दुखणं आलं. सत्र पुढे सरकलं तसं मुलं प्रत्येक गोष्टीला 'त्यांची संस्कृती' म्हणू लागली. कोणी उशिरा आलं, संस्कृती. कोणी लाल विटा वापरल्या, संस्कृती. एका गटात तिकडचा एक मुलगा कधीच काही लिहायचा नाही, एका जागी उभा असायचा, मध्येच भलतीकडे दिसायचा. आमच्या मुलांनी त्यावर पानभर लिहिलं: सामूहिकतेला महत्त्व देणाऱ्या समाजांत व्यक्ती स्वतःहून पुढे येत नाही, वगैरे. वाचनात आलेल्या सगळ्या संज्ञा त्यात होत्या. मी तिकडच्या शिक्षिकेला विचारलं तर कळलं, त्याचं इंटरनेट अतिशय मंद होतं. त्याने लिहिलेलं पोचेपर्यंत विषय संपलेला असायचा, म्हणून त्याने लिहिणंच सोडलं होतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा आधी हशा पिकला, मग तो ओसरला. तेव्हापासून दुसऱ्या रकान्यात एक ओळ सक्तीची केली: संस्कृतीशी काहीही संबंध नसलेलं एक तरी कारण लिहा. केबल, झोप, परीक्षा, स्वभाव, खेळायची सवय नसणं. 'संस्कृती' हा शब्द शेवटी, बाकीचं तपासून झाल्यावर.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न मला अजूनही पुरता सुटलेला नाही. सुरुवातीला आणि शेवटी प्रश्नावली भरून घेऊन फरक मोजता येतो, पण तिथे मुलं स्वतःबद्दल स्वतःच सांगतात, आणि ज्याला आपलं अज्ञान कळलेलं नाही तो स्वतःला भरघोस गुण देतो. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१८ मध्ये जागतिक क्षमता पहिल्यांदा मोजली. त्यातही चाचणीच्या जोडीला विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल भरायच्या प्रश्नावल्या होत्याच. मी प्रश्नावली घेतली, पण तिला गुण ठेवले नाहीत.

माणूस सांस्कृतिक भेदांकडे कसकसा बघत जातो, याच्या आंतरसांस्कृतिक संवादाचे अभ्यासक मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या मला वह्या वाचताना जास्त कामी आल्या. नकार, बचाव, भेद किरकोळ मानणं, स्वीकार, जुळवून घेणं आणि सामावून घेणं. माझ्या वर्गातल्या निम्म्या तरी निबंधांचा शेवट 'शेवटी माणूस सगळीकडे सारखाच' असा होता. वाक्य गोड आहे, सभेत टाळ्या घेतं. बेनेट यांच्या मांडणीत ते तिसरी पायरी आहे, अर्ध्या वाटेतलं. सारखाच म्हणजे कोणासारखा, असं समासात लिहिलं की मुलं थबकतात, कारण उत्तर 'माझ्यासारखा' असं असतं.

म्हणून गुण दिले ते वर्णन आणि अर्थ किती वेगळे ठेवलेत याला, पर्यायी कारणं किती आणि कशी शोधलीत याला, आणि विचारलेल्या प्रश्नाच्या दर्जाला. चांगुलपणाला गुण ठेवले नाहीत. एका मुलीने स्पष्ट लिहिलं होतं की तिला जोडीदार गटाबरोबर काम करायला आवडलं नाही, आणि का आवडलं नाही याचं रकान्यांत बारीक काम केलं होतं. त्यात तिची स्वतःची घाईही आली होती. वर्गातले सर्वांत जास्त गुण तिचे. 'फार सुंदर अनुभव, नवे मित्र मिळाले' असं लिहिणाऱ्याला जेमतेम उत्तीर्ण केलं तेव्हा तो माझ्याकडे आला. "मॅडम, मी तर सगळं चांगलंच लिहिलंय." मी त्याला त्याचा पहिला रकाना दाखवला. त्यात एक ओळ होती.

सगळ्याच मुलांना खेळता येतं ही समजूतही इथे मोडली. ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता ती मागे पडली, आणि जी सराईत होती त्यांना जिंकण्यापलीकडे काही दिसेना. जोड्या लावताना एक सराईत, एक नवखा असं केलं आणि कंट्रोलर नवख्याच्या हातात दिला. सराईताने फक्त बोलून सांगायचं. त्यातून शिकवणाऱ्याचा तोल कसा जातो याची झकास प्रात्यक्षिकं झाली.

पुढच्या सत्राची आखणी चालू आहे. तिकडच्या शिक्षिकेचं म्हणणं आहे की चॅट बंद करून आवाजात बोलू द्यावं. आवाजात अडखळणं ऐकू येतं, थांबणं ऐकू येतं, आणि भराभर टाइप करणाऱ्यांचा फायदा जातो. माझं म्हणणं, लेखी चॅट राहिलं तरच नंतर रकाने भरायला पुरावा हाती राहतो, आणि ज्यांना उच्चारांची लाज वाटते ती आवाजात आणखी गप्प होतील. दोघींनाही एकमेकींचं पटलेलं नाही. तेव्हा निम्मे गट बोलतील, निम्मे लिहितील, आणि मध्यावर अदलाबदल करतील. परवानगीचे अर्ज दोन्हीकडे गेले आहेत.